सगळ्यात मागची मोटारसायकल

पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी पहाटे पुणे-नाशिक रस्त्यावर चहाच्या टपऱ्यांपाशी मोटारसायकलींच्या रांगा लागतात. रेनकोट, पाठीवर सॅक, हँडलला अडकवलेला मोबाइल. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असे करत ही मंडळी जुन्नरला पोहोचतात आणि तिथून आपटाळे, चावंड मागे टाकून घाटघरला. समोर जीवधन, पलीकडे नाणेघाट आणि वाऱ्याने उलट उडणारे धबधब्याचे पाणी. पुण्याहून एका बाजूने साधारण सव्वाशे किलोमीटर, जाऊन-येऊन अडीचशे. (अकोले तालुक्यातही एक घाटघर आहे, धरणाचे. मोबाइलच्या नकाशावर नाव टाकताना गल्लत करून भलतीकडे जाणारेही असतात.)

सराईत माणसाला ही एका दिवसाची सहल. पण अशा प्रत्येक टोळक्यात एखादा तरी असा असतो, ज्याने गाडी घेऊन दोन-तीन महिनेच झालेले असतात. घर ते कॉलेज किंवा घर ते ऑफिस एवढीच त्याची धाव. इतकी लांब गाडी तो पहिल्यांदाच मारत असतो. त्याला ओळखणे सोपे आहे. त्याची गाडी बहुतेक वेळा सगळ्यात मागे असते.

२०२५ मध्ये दुचाकीच्या सुरक्षिततेची चर्चा बरीच झाली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जूनमध्ये नियमांचा मसुदा काढला. सर्व नव्या दुचाकींना ‘एबीएस’, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असावी आणि गाडीबरोबर उत्पादकाने प्रमाणित अशी दोन हेल्मेट द्यावीत, असा त्याचा आशय. तोपर्यंत एबीएसची सक्ती १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांनाच होती. या दोन्ही गोष्टी का हव्यात, हे आकडेच सांगतात. मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मरण पावले आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. महाराष्ट्रातले एकूण मृत्यू पंधरा हजारांच्या वर. ६१ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी कमी होते असे दिसले. एवढा फायदा देणारी औषधे वैद्यकशास्त्रातही फारशी नाहीत.

तेव्हा हेल्मेटवर वाद नको. पण हेल्मेट कामाला येते ते पडल्यानंतर, आणि एबीएस ब्रेक दाबल्यानंतर. नवखा गडी त्या क्षणापर्यंत पोहोचतो कसा, हा प्रश्न मसुद्यात येत नाही, येऊही शकत नाही. त्याचे उत्तर बरेचसे त्याच्या मेंदूत आहे आणि उरलेले त्याच्या पुढे चाललेल्या मित्रांत.

आधी मेंदू. क्लच, गिअर, दोन ब्रेक, रेस, तोल या सगळ्या हालचाली सराईत माणसाच्या अंगवळणी पडलेल्या असतात. त्याला त्यांचा विचार करावा लागत नाही, म्हणून त्याचे लक्ष रस्त्यावर मोकळे राहते. नवख्याला यातले बरेच जाणीवपूर्वक करावे लागते. ‘आता तिसरा टाकू का?’ हा विचार डोक्यात चालू असताना शेताच्या बांधावरून रस्त्यावर येऊ पाहणारी म्हैस दिसायला उशीर होतो. डोळे कुठे फिरतात यातही फरक असतो. नवे आणि जुने चालक गाडी चालवताना नेमके कुठे पाहतात, हे मोरंट आणि रॉकवेल या अमेरिकी संशोधकांनी १९७२ मध्ये मोजले होते. नवखे गाडीच्या जवळचाच, लहानसा तुकडा पाहत राहतात. सराईत लांबवर पाहतात आणि नजर फिरती ठेवतात. तो अभ्यास मोटारीवरचा होता. पण दुचाकीवर याची किंमत जास्त मोजावी लागते, कारण वळणावर गाडी आपसूक नजरेच्या दिशेने जाऊ लागते. खड्ड्याकडे टक लावली की चाक खड्ड्यातच जाते. जुने लोक ‘वळण संपतंय तिकडं बघ’ म्हणतात, त्याला असा आधार आहे.

आता मित्र. पाच-सहा गाड्या एका रांगेत चालल्या आहेत असे समजा. गावातला गतिरोधक ओलांडून पहिली गाडी ताशी साठने निघाली. दुसरी थोड्या वेळाने, तिसरी आणखी थोड्या वेळाने. मध्ये एक एसटी आडवी आली, दोन टेम्पो घुसले. शेवटची गाडी मोकळी होईपर्यंत वीस सेकंद गेले. ताशी साठच्या वेगाने पहिली गाडी तेवढ्यात ३३० मीटर पुढे गेलेली असते. शेवटच्याने ताशी सत्तरने पाठलाग केला तर अंतर भरायला दोन मिनिटे लागतात, ऐंशीने केला तर एक मिनिट. पण त्याला हे गणित ठाऊक नसते. त्याला फक्त पुढचा रस्ता रिकामा दिसतो. त्यामुळे तो ऐंशी-नव्वदने सुटतो, आणि रांगेतल्या सगळ्यांना गाठेपर्यंत पुढच्या गावचा गतिरोधक येतो. हे दिवसभर चालते. गंमत अशी की सगळ्यात पुढचा सराईत मित्र दिवसभर साठच्या वर जात नाही आणि मागून येणारा नवशिका मात्र त्याच रस्त्यावर वारंवार नव्वदला पोहोचतो. संध्याकाळी पुढचा म्हणतो, ‘आपण काही फास्ट नव्हतो.’ तो खोटे बोलत नसतो.

मंचर-नारायणगावपर्यंतच्या रुंद रस्त्यावर हे बऱ्याचदा निभावून जाते. जुन्नरच्या पुढे मात्र रस्ता अरुंद होतो, वळणे येतात. वळणावर गाडीला बाहेर ढकलू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. जे वळण चाळीसने सहज घेता येते ते पन्नासने घेताना टायरला दीडपटीहून अधिक पकड द्यावी लागते. वेग वाढला फक्त दहाने, म्हणून माणसाला ते जाणवतही नाही. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या वळणावर गाडी बाहेर फेकली गेली तर समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाते आणि उजव्या वळणावर रस्ता सोडून खाली. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये भातलावणीचे दिवस. चिखलणी करून ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर आला की चाकांचा चिखल डांबरावर पसरतो. पावसात तो डांबराच्याच रंगाचा दिसतो. धुक्यात तर दिसतच नाही.

थांबायला लागणारे अंतरही सांगून ठेवतो. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर तिथेच संपले. मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने आणखी वीस-पंचवीस मीटर, ओल्यावर पस्तीस किंवा त्याहून जास्त. म्हणजे पावसात एकूण साठ मीटर. आपल्याकडे ‘पुढचा ब्रेक मारू नको, उलटा पडशील’ हा सल्ला घरोघरी मिळतो, आणि तो अर्धवट आहे. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबण्याची बहुतेक ताकद तिथेच असते. नुसत्या मागच्या ब्रेकवर विसंबणारा बराच पुढे जाऊन थांबतो, नाहीतर मागचे चाक घसरून आडवा होतो. पुढचा ब्रेक दाबायचा तो सरळ गाडीवर, हळूहळू जोर वाढवत. वळणात, चिखलावर एकदम आवळला तर मात्र घरचे खरे ठरतात. हे मोकळ्या मैदानावर दहा-वीस वेळा करून पाहिल्याशिवाय हाताला येत नाही. घाटघरच्या वाटेवर तो पहिल्यांदा शिकायची वेळ येऊ नये.

‘मग त्याने हळू चालवावी, कोण अडवतो?’ असे वडीलधारे म्हणतील. कोणीच अडवत नाही, आणि तरीही तो हळू चालवत नाही. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये ३०६ जणांवर एक प्रयोग केला. संगणकावर गाडी चालवायची. पिवळा दिवा लागला की थांबायचे की रेटायचे हे आपण ठरवायचे. काही जणांनी हा खेळ एकट्याने खेळला, काहींनी समवयस्क सोबत असताना. समवयस्क असताना जोखीम वाढली आणि ती किशोरवयीनांत व तरुणांत प्रौढांपेक्षा अधिक वाढली. २०११ मध्ये त्याच विद्यापीठातल्या गटाने मेंदूचे स्कॅन करत असाच खेळ खेळवला. मित्र शेजारच्या खोलीतून पाहत आहेत एवढे कळल्यावरच किशोरवयीनांच्या मेंदूतले बक्षिसाशी जोडलेले भाग जास्त चेतले आणि त्यांनी जास्त धोके पत्करले. प्रौढांत तसा फरक पडला नाही. म्हणजे मित्रांनी ‘चल, चल’ म्हणायचीही गरज नसते. त्यांचे असणेच पुरते. तेव्हा ‘आम्ही त्याला काही घाई केली नव्हती’ हे मित्रांचे म्हणणे खरे असूनही अपुरे आहे.

हा काही मुलांच्या स्वभावाचा दोष नाही. आपली परवाना-पद्धतही याला हातभार लावते. अठरा पूर्ण झाली, गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना मिळाला, की शंभर सीसीवर परीक्षा दिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी चारशे सीसीची गाडी कायदेशीरपणे चालवू शकतो. युरोपीय संघात असे चालत नाही. तिथे आधी १२५ सीसीपर्यंतची गाडी, मग मर्यादित ताकदीची. कुठलीही गाडी चालवायला वीस वर्षांचे वय आणि मधल्या पायरीचा दोन वर्षांचा अनुभव, नाहीतर वयाची चोविशी. एबीएस आणि हेल्मेटवर मसुदा निघू शकतो, तर पायऱ्यापायऱ्यांच्या परवान्यावरही निघायला हवा, असे मला वाटते. पण तो निघेपर्यंत ही पायरी मित्रांनाच व्हावे लागणार.

त्याला खर्च काही नाही. नवख्याला शेवटी ठेवायचे नाही. पुढच्या अनुभवी गाडीच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरवर घ्यायचे. म्हणजे सगळ्यांचा वेग त्याच्या वेगाने ठरतो. शेवटी दुसरा जाणता माणूस. आणि प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक वळतीला, मागची गाडी आरशात दिसेपर्यंत आपण थांबायचे. हा एक नियम पाळला तर कोणालाच कोणाचा पाठलाग करावा लागत नाही, कारण चुकण्याची भीतीच जाते. नारायणगावचा फाटा, जुन्नरचे बस स्थानक, आपटाळे अशी भेटीची ठिकाणे निघतानाच सांगून ठेवावीत. पुढे मोबाइलची रेंज भरवशाची नाही.

आता घड्याळाकडे वळू. माझ्या मते या सहलीतला सगळ्यात मोठा धोका तिथे आहे आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते. पहाटे चारला उठून पाचला निघायचे ठरते. आदल्या रात्री उत्साहात कोणी बारापर्यंत झोपत नाही. नारायणगावला मिसळ, मग घाटघर, नाणेघाट, फोटो, कोणाच्या तरी डोक्यात आलेला जीवधन, उशिरा जेवण. निघेनिघेपर्यंत साडेपाच-सहा वाजतात. नारायणगाव ओलांडताना अंधार पडलेला असतो आणि चाकणच्या गर्दीतून पुण्यात शिरताना रात्रीचे नऊ. पहाटे चार ते रात्री नऊ म्हणजे सतरा तास. डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्या कायद्यात गाडी चालवताना चालणारी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. थेंबभरही न घेतलेला हा मुलगा चाकणच्या चौकात, कामगिरीच्या हिशेबाने, त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. त्याला पकडणारे यंत्र नाही.

त्यात शरीराची इतर देणी असतात. हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज हमरस्त्याच्या वेगाला नव्वद डेसिबलच्या वर जातो. तासन्‌तास तो ऐकून डोके जड होते. नवखा माणूस हँडल घट्ट आवळून धरतो, त्यामुळे तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूची शीर दबते, बोटांना मुंग्या येतात. पावसात भिजलेले कपडे आणि साठचा वारा अंगातली ऊब झपाट्याने काढून घेतात, कारण पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने उष्णता वाहून नेते. गारठलेल्या बोटांना ब्रेक दाबायला वेळ लागतो. आणि गारव्यात तहान कळत नाही. वर थांबायला लागू नये म्हणून पाणी कमी पिणारेही असतात. एवढ्यातून दोन गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ. दर तासाभराने दहा मिनिटे उतरून हातपाय मोकळे करून पाणी प्यायचे, आणि घाटघरहून दुपारी दोनला परत फिरायचे. जीवधन पुढच्या खेपेला. तो कुठे जात नाही.

लवकर फिरण्याला स्थानिक कारणेही आहेत. जुन्नर-आंबेगाव हा बिबट्यांचा मुलूख आहे आणि अंधार पडल्यावर तो रस्ता ओलांडतो. पावसाळा संपला की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, अशी ट्रॉली रात्री अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शिवाय हा रस्ता सहलीसाठी बांधलेला नाही. त्यावरून शाळेची मुले चालतात, गुरे घरी येतात, डोक्यावर भारा घेतलेल्या बायका जातात. घसरलेली मोटारसायकल नेहमी एकट्या चालकालाच लागते असे नाही.

तरीही अपघात झालाच तर? घाटघरपासून जुन्नरचे ग्रामीण रुग्णालय तीस-पस्तीस किलोमीटर. पुढे नारायणगावचे ग्रामीण रुग्णालय, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय. मेंदूची शस्त्रक्रिया लागली तर बहुधा पुणे-पिंपरीच. १०८ ला फोन करावा. रेंज नसेल तर गावातल्या माणसाला हाक मारावी, रेंज कुठे येते हे त्याला ठाऊक असते. मदत करणाऱ्याने घाबरू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. ५ मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार देणारी केंद्राची योजनाही लागू झाली आहे. जखमीला पाणी पाजू नये. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरावे. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये, मानेला इजा असू शकते. काढावेच लागले तर एकाने मान व डोके स्थिर धरावे आणि दुसऱ्याने काढावे.

पण खरी फसगत मोठ्या अपघातात होत नाही, कारण तिथे सगळे धावतात. ती लहान पडण्यात होते. चिखलावर चाक घसरले, गडी पडला, डोके आपटले, क्षणभर गुंगला. मग उठला, पँट झटकली, ‘काही नाही झालं’ म्हणाला. आरसा तुटला त्याची चेष्टा झाली आणि सगळे पुढे निघाले. कवटी आणि मेंदूवरचे आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव सुरू झाला असेल, तर अशा रुग्णाला मध्ये काही मिनिटे ते काही तास अगदी ठीक वाटू शकते. रक्त साचत जाते, दाब वाढतो आणि मग तो झपाट्याने खालावतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर यातून माणूस पूर्ण बरा होऊ शकतो, म्हणून वेळ महत्त्वाची. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलट्या, एकच प्रश्न परत परत विचारणे, बोलण्यात अडखळणे, एका हाता-पायात अशक्तपणा, दोन्ही बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, अवेळी गुंगी, यांतले एकही दिसले तर थेट रुग्णालय, शक्यतो सीटी स्कॅन असलेले. डोके आपटून क्षणभर शुद्ध गेली असेल, तर यांतले काही दिसले नाही तरी वाटेतल्या पहिल्या रुग्णालयात तपासून घ्यावे. त्याला पुन्हा गाडी चालवू देऊ नये, मागे बसवूनही नेऊ नये, चारचाकीत घ्यावे. हेल्मेटला जोराचा मार बसला असेल तर ते बदलावे. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच चेपला जातो आणि बाहेरून ते धडधाकट दिसते.

आणि त्या रात्री त्याला एकट्याला खोलीवर झोपायला सोडू नये. घरच्यांना काय झाले ते सांगावे. ओरडा बसेल म्हणून लपवायची ही गोष्ट नाही. मित्रांपैकी एकाने त्याच्यापाशी थांबावे आणि रात्रीतून दोन-तीनदा त्याला हलवून उठवावे, नाव विचारावे, आज कुठे गेलो होतो ते विचारावे. नीट उत्तर आले तर झोपू द्यावे.